मनुष्य उडावयास कसा शिकला

(समाजाच्या नांदेड-लातूर विभागीय वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंतांचा सत्कार आटोपल्यानंतर एखादे बोधप्रद व्याख्यान ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने माझ्यावर सोपविले. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिरलेला आणि तेथूनच निवृत्त झालेला शिक्षक. विमानविद्येचा तज्ज्ञ म्हणून मी आपणापुढे उभा नाही. पण मुलाला जे येत नाही ते त्याला यावयास लागते कसे, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्या दृष्टीने उड्डाणविद्येच्या इतिहासाइतकी बोलकी कथा मला दुसरी आढळली नाही. पहिल्या उडणाऱ्याला शिकवील असा गुरूच पृथ्वीच्या पाठीवर नव्हता.

शालेय पुस्तकात आपण वाचतो, की राईट बंधूंनी १९०३ साली विमानाचा शोध लावला. एका ओळीत विषय संपतो. मुलाला वाटते, दोघा भावांनी यंत्र जोडले, त्यावर बसले आणि उडाले. वस्तुतः त्या एका ओळीच्या पोटात कित्येक वर्षांची धडपड, हजारो घसरण्या आणि काही माणसांचे प्राण दडलेले आहेत.

प्रथम नाव घ्यावे लागते ते जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल या अभियंत्याचे. लवचिक फांद्यांचा सांगाडा करून त्यावर सुती कापड ताणावयाचे, ते पंख खांद्याशी धरावयाचे आणि टेकडीच्या उतारावरून वाऱ्याच्या तोंडास धावत सुटावयाचे, हा त्याचा १८९१ पासूनचा उद्योग. बर्लिनजवळ तर त्याने मातीची टेकडीच रचून घेतली. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार वेळा असे तरंगून पाहिले. पण एकेका उडीस क्षणभराचाच अवकाश मिळे. त्यामुळे पाच वर्षांत तो प्रत्यक्ष हवेत राहिला तो जेमतेम पाच तास, असा हिशेब पुढे विल्बर राईटने मांडला आहे. पाच वर्षांच्या श्रमाला पाच तासांचा सराव! ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याचे यंत्र मध्येच थबकले, तो सुमारे पन्नास फुटांवरून कोसळला, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला.

त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेतील डेटन गावी सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल या भावांनी वाचली आणि त्यांचे जुने कुतूहल जागे झाले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या दोघांपैकी एकाजवळही हायस्कुलाचे प्रमाणपत्र नव्हते. म्हणजे परीक्षेच्याच मापाने मोजावयाचे तर ते माझ्याही एक पायरी खालचे! पण लिलिएंथालच्या मरणातून नेमका धडा घेतला तो यांनीच. लिलिएंथाल आपल्या शरीराचा भार इकडेतिकडे झुलवून तोल सावरीत असे. मोठ्या पंखांना आणि जोरदार वाऱ्याला एवढे पुरे पडणार नाही, हे त्यांनी ओळखले. पंखच किंचित पिळता आले, एका बाजूचे टोक वर व दुसऱ्याचे खाली वळविता आले, तर वाऱ्याच्याच जोराने तोल सावरता येईल, ही युक्ती विल्बरला सुचली, आणि १८९९ साली एका पतंगावर त्याने ती ताडून पाहिली.

सायकलवाल्यांनाच हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. आपल्या पिढीतील गृहस्थांनी आठवून पहावे. वडिलांची मोठी सायकल, सीटपर्यंत पाय पोहोचत नाही, म्हणून दांडीखालून पाय घालून आपण कैची मारीत शिकलो. चाकांच्या मधोमध तोल कोठे असतो हे कोणत्या पुस्तकात वाचले होते? उभी सायकल पडते आणि चालती सायकल सावरते, हे गुडघे फुटल्यावर कळले. विमान हे असेच स्वभावतः डळमळीत वाहन आहे आणि ते सावरणे ही अंगी मुरवावयाची विद्या आहे, हे त्या भावांना अनुभवानेच ठाऊक होते.

१९०१ साली शिकागो येथे अभियंत्यांच्या सभेत बोलताना विल्बरने एक दृष्टांत दिला होता. त्याचा आशय असा, की खट्याळ घोड्यावर बसावयास शिकण्याचे दोन मार्ग. एक, प्रत्यक्ष त्याच्यावर बसून त्याच्या खोड्या एकेक करून जिरविणे. दुसरा, कुंपणावर बसून घोडा न्याहाळणे आणि मग घरी जाऊन विचार करणे. दुसरा मार्ग निर्धोक खरा, पण चांगले स्वार निपजतात ते पहिल्या मार्गाने. हे वाचताना मला आपल्या माळेगावच्या यात्रेतील घोडेबाजार आठवला. तेथे कुंपणावरून भाव करणारे पुष्कळ. पाठीवर बसून दाखविणारे थोडे.

दोघा भावांनी समुद्रकाठचे किटी हॉक हे निर्जन, वाळूचे आणि सतत वारा वाहणारे ठिकाण निवडले. वारा असला म्हणजे यंत्र जमिनीवरून फार वेगाने जात नाही, आणि वाळू असली म्हणजे पडले तरी हाडे शाबूत राहतात. इंजिन नाही, केवळ पंख. त्यावर पालथे पडावयाचे आणि जमिनीपासून फार वर न जाता तरंगावयाचे. १९०० आणि १९०१ अशी दोन वर्षे गेली. दुसऱ्या वर्षी तर फारच निराशा झाली. गणिताने जेवढा उचल मिळावयास हवा होता त्याच्या कितीतरी कमी मिळे, आणि कधी कधी पंख पिळून वळू पाहताच यंत्र भलतीकडेच गरकन फिरे. घरी परतताना विल्बर भावाला म्हणाला, की आणखी पन्नास वर्षे तरी मनुष्य उडणार नाही.

मंडळी, या जागी मी आपणांस थोडे थांबावयास सांगतो. पहिल्या यशस्वी उड्डाणाला त्या वेळी दोन वर्षे आणि चार महिनेही उरले नव्हते. त्या दिवशी कोणी त्या भावांची परीक्षा घेतली असती, तर निकाल काय लागला असता?

घरी आल्यावर त्यांनी आपल्याच चुकांची झडती घेतली. दुकानात एक लांबट लाकडी पेटी केली, तिच्या एका टोकास पंखा बसवून वाऱ्याचा झोत सोडला आणि पत्र्याचे लहान लहान पंख, सुमारे दोनशे प्रकारचे, त्यात टांगून मोजले. इतरांनी दिलेल्या ज्या कोष्टकांवर त्यांनी विश्वास ठेवला होता ती जशीच्या तशी उपयोगी नव्हती, हे तेथे उघड झाले. १९०२ सालच्या हंगामात नवे पंख घेऊन ते पुन्हा वाळूत आले. या वेळी शेपटीस उभे सुकाणू होते, परंतु ते जागचे हलत नसे, आणि त्यामुळे यंत्र कधी कधी एका पंखावर घसरून वाळूत रुते. एका रात्री कॉफी जास्त झाल्याने ऑर्व्हिलला झोप आली नाही. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले, की सुकाणू हलते केले पाहिजे. सकाळी त्याने ते भावास सांगितले. विल्बरने त्यात भर घातली, की सुकाणू आणि पंखांचा पीळ एकाच दोरीला जोडू, म्हणजे चालकाचे लक्ष विभागणार नाही. त्या एका हंगामात त्यांनी सातशेहून अधिक वेळा तरंगून पाहिले. उडणे त्यांना त्या साली आले. इंजिन बसविणे तेवढे उरले होते.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच देशातील प्राध्यापक लँग्ली यांचे. मोठे विद्वान, एका विख्यात संस्थेचे प्रमुख. सरकारने त्यांना ५० हजार डॉलर दिले. त्यांचे इंजिन राईट बंधूंच्या इंजिनापेक्षा कितीतरी बलवान होते. पण ज्याने ते विमान चालवावयाचे त्या मॅनली यांना हवेत तरंगण्याचा सराव म्हणून मुळीच नव्हता. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी नौकेच्या छतावरून ते विमान सोडण्यात आले आणि दोन्ही वेळा सरळ पोटोमॅक नदीत गेले. सुदैवाने मॅनली बचावले. राईट बंधूंना सारा खटाटोप हजार डॉलरच्या आत पडला, तोही दुकानाच्या कमाईतून.

१७ डिसेंबर १९०३ चा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. पहिली झेप ऑर्व्हिलची, १२ सेकंद आणि १२० फूट. दिवसाची चौथी व शेवटची विल्बरची, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. गावची पाच माणसे साक्षीला होती. त्यांतील एकाने, ज्याने पूर्वी कधी कॅमेरा हाताळला नव्हता, छायाचित्राची कळ दाबली, आणि ते छायाचित्र आज जगभर आहे. परंतु मला त्याच्या पुढची दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात. डेटनजवळ हफमन नावाच्या गृहस्थाचे गुरांचे कुरण होते. उडण्यापूर्वी गाई-घोडी बाहेर काढावयाची, एवढ्या अटीवर त्याने ते फुकट वापरू दिले. तेथे हे दोघे वळावयास शिकले. वळताना विमान आतल्या बाजूस कलंडे आणि सावरत नसे. अशा वेळी नाक किंचित खाली घालून वेग वाढवावा, म्हणजे ते सावरते, ही खूण त्यांना १९०५ साली सापडली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने सुमारे ३९ मिनिटांत २४ मैल काटले. मोठ्या वृत्तपत्रांना याचा पत्ता नव्हता. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली पहिली हकीकत त्याच वर्षाच्या आरंभी छापून आली होती ती मधमाश्या पाळणाऱ्यांच्या एका मासिकात!

आता सभेतील तरुणांच्या मनात जो प्रश्न घोळत असेल त्याकडे वळतो. ‘गुरुजी, तुम्ही राईट बंधूंचे गोडवे गाता, पण त्यांच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले होते ना?’ ही कथा मीही ऐकली आहे. तळपदे हे खरोखर होऊन गेलेले मराठी गृहस्थ. प्राचीन ग्रंथांचा त्यांना व्यासंग होता आणि विमान करण्याचा त्यांना ध्यास होता, यात शंका नाही. त्यांच्या जिद्दीस माझा नमस्कार. परंतु विमान पंधराशे फूट चढले, सयाजीराव महाराज आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ते पाहिले, असे जे सांगतात, त्याला त्या काळचा भरवशाचा कागद, छायाचित्र किंवा साक्ष संशोधकांच्या हाती लागलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा हवाला या संदर्भात दिला जातो त्याची छाननी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे.

शिक्षक म्हणून माझे कारण आणखी वेगळे आहे. या कथेत शिकणे कोठेच नाही. पहिल्या प्रयोगात काय बिघडले, दुसऱ्यात काय बदलले, पंख किती लांब होते, कोण कितीदा पडला, याचा एक शब्दही नाही. यंत्र एकदम वर जाते आणि एकदम खाली येते. ज्याने वजाबाकीची एकही पायरी न मांडता उत्तर लिहिले त्या मुलाला आपण गुण देत नाही. मग अभिमानाच्या विषयात तेवढी सवलत का द्यावी? आपल्या स्मरणिकेतही समाजातील थोर पुरुषांची चरित्रे येतात. ती मुले वाचतात व खरी मानतात, म्हणून हे बोलतो.

आणि अभिमानच बाळगावयाचा तर त्यास पात्र असलेले मराठी नाव आपल्यापाशी आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात जे मोजके भारतीय तरुण चालक म्हणून गेले, त्यांत सरदार हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन यांच्याबरोबर हे एक होते. वेलिंगकर हे डॉल्फिन जातीचे एकासनी लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेले ते परतले नाहीत. जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले आणि त्यातच वारले. फ्रान्समधील हांगार या खेड्यात त्यांची समाधी आहे. मी अनेक सुशिक्षितांना विचारले; हे नाव कोणास ठाऊक नव्हते.

त्या काळी शिकणे हे लढण्याइतकेच जिवावरचे होते. आरंभीच्या शाळांत विद्यार्थी एकटाच विमानात बसे. फ्रान्समध्ये त्यासाठी पंख आखूड केलेली विमाने असत. ती उडूच शकत नसत, केवळ मैदानावर वेडीवाकडी धावत, म्हणून त्यांना पेंग्विन म्हणत. विल्बरने मात्र १९०९ साली फ्रान्समध्ये पो या गावी तिघा शिष्यांना शेजारी बसवून शिकविले होते. हीच पद्धत १९१७ साली इंग्लंडमध्ये स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने पक्की बसविली. शिक्षक आणि शिष्य दोघांपुढेही दांडा, आणि एकमेकांशी बोलावयास नळी. याहून मोठी गोष्ट अशी, की विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले तर काय करावे, हे तो मुद्दाम तशी गिरकी घ्यावयास लावून शिकवी. तोवरचे शिक्षक अशा संकटापासून विद्यार्थ्यास दूर ठेवीत, आणि मग एकटा असताना ते संकट आले म्हणजे विद्यार्थी मरे. आपल्याकडे मुलाला सायकलच न देणारे पालक असतात, त्यांनी याचा विचार करावा.

इंद्रलाल रॉय यांची हकीकत तर मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्याशी माझ्या आजच्या विनंतीचा संबंध आहे. हा कलकत्त्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना, डिसेंबर १९१७ मध्ये, त्याचे विमान आपटले. तो जबर जखमी झाला. वरिष्ठांनी त्यास पुन्हा शिकावयास पाठविले. वैद्यांनी तर उड्डाणास अपात्र ठरविले होते. त्याने पिच्छा पुरविला, निर्णय फिरवून घेतला आणि जून १९१८ मध्ये ४० व्या तुकडीत दाखल झाला. पुढच्या जुलै महिन्यात अवघ्या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलै रोजी तो पडला, तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. मरणोत्तर विशेष उड्डाणपदक मिळविणारा तो पहिला भारतीय.

युद्धानंतर विद्या आपल्या अंगणात आली. १९२८ साली मुंबईस जुहूला फ्लाइंग क्लब निघाला. तेथे जहांगीर टाटा चार तासांहूनही कमी शिकवणीनंतर एकटे उडाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस या देशात दिलेला क्रमांक एकचा परवाना मिळाला. मग आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्यास बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये गाठ पडली तेव्हा अस्पीजवळ जादा स्पार्क प्लग नव्हते. टाटांनी आपले दिले. अस्पीने काही तासांच्या फरकाने बक्षीस जिंकले. पुढे तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले, तेव्हा अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल डब्यांतून बैलगाडीने आले होते.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादेत १९४५ साली डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. तिने पुढे प्रेम माथूर या महिलेस वैमानिक म्हणून घेतले. त्याआधी आठ कंपन्यांनी ती स्त्री आहे म्हणून तिला नाकारले होते. भारतातील ती पहिली व्यावसायिक महिला वैमानिक. नांदेडची धावपट्टी १९५८ ची, लातूरची १९९१ ची. नांदेडची २००८ साली गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या वेळी वाढविण्यात आली, आणि २०१७ मध्ये उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली त्या दिवशी धावपट्टीच्या बाजूला किती मुले उभी होती, हे आपण पाहिलेच असेल.

त्या मुलांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि दोनशे तास उड्डाण करावे लागते. प्रत्येक उड्डाण वहीत नोंदवावे लागते. खर्च सामान्य घरास पेलणारा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्ज काढण्यापूर्वी पालकांनी दहा ठिकाणी चौकशी करावी.

आता विनंती. आपल्या शिष्यवृत्ती निधीचा नियम असा आहे, की विद्यार्थी एकदा अनुत्तीर्ण झाला म्हणजे त्याचे साहाय्य कायमचे बंद होते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पैसा समाजाचा आहे, तो वाया जाऊ नये. लातूरच्या शिकवण्यांनी आपल्या मुलांना परीक्षेची उत्तम सवय लावली, तिचे श्रेय मी नाकारीत नाही. परंतु जो पडला त्याने पुन्हा उभे रहावे यासाठी आपल्या निधीत एक पैसाही नाही. जो विद्यार्थी आपण कोठे चुकलो हे स्वतःच्या हाताने लिहून देईल आणि ज्याचे शिक्षक त्याच्या मेहनतीची ग्वाही देतील, त्याला आणखी एक वर्ष साहाय्य मिळावे, अशी दुरुस्ती मी सुचवितो. ती लेखी स्वरूपात मी चिटणीसांकडे दिली असून तिच्याखाली नांदेडच्या सात व लातूरच्या पाच सभासदांच्या सह्या आहेत. दुपारच्या सर्वसाधारण सभेत ती विचारार्थ घ्यावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.